बासष्ट ग्रॅमचा हेंक

नीउ-व्हेनेप, १४ जुलै २०२५

आत्या,

पाया पडते. तू पाण्याच्या टाकीजवळ रेंजमध्ये आलीस की हा फोटो उघडेल, मग मोठा करून वाच. तुझ्याकडे फोन धड लागत नाही आणि इथं मला धड बोलता येत नाही. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात ना, कुकरच्या शिट्टीतसुद्धा त्यांना माझं बोलणं ऐकू जातं. म्हणून जुईच्या वहीचं पान फाडून लिहितेय.

आधी खाली बस.

आमच्या घरात पाल आहे. भिंतीवरची नाही. काचेच्या पेटीतली, पाळायची. वितीपेक्षा मोठी, पिवळीधमक, अंगभर बिबट्यासारखे काळे ठिपके. लेपर्ड गेको म्हणतात. नाव हेंक. हेंक हे इकडं पुरुषाचं नाव, म्हणून "तो" म्हणायचं, असं जुईनं बजावलंय.

हा हेंक जुईच्या वर्गाचा आहे. इथं वर्गात असली जनावरं पाळतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी घरी देतात. आमच्या बाईसाहेबांनी भर वर्गात सांगितलं, आमच्या इंडियात प्रत्येक घरात पाली असतात आणि माझ्या आईला पालींचं सगळं कळतं! सहा वर्षांची पोर, काय बोलणार. मग तिच्या बाई, म्हणजे इथं यूफ म्हणतात, त्या यूफ लीस्बेथ गेटवर माझ्याशी डचमध्ये भरभर काहीतरी बोलल्या. मला वाटलं पोहण्याच्या क्लासचं असेल. मी म्हटलं, "या, या." या म्हणजे हो. दुसऱ्या दिवशी पेटी दारात.

तुला माहितीये ना मला पालीची किती भीती आहे. पाचवीत शाळेत माझ्या खांद्यावर पडली होती तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते.

पण परत कशी देऊ? एप्रिलमध्ये रॉटरडॅम सोडून इकडं आलो तेव्हापासून पोरीला एक मैत्रीण नाही. वर्गात एवढे वाढदिवस झाले, एकाचंही बोलावणं नाही. मधल्या सुट्टीत कुंपणाला टेकून एकटी उभी असायची, मी लांबून बघितलंय. आणि पेटी आणली त्या दिवशी सहा पोरं तिच्या मागं घरापर्यंत आली! सगळी "जुई, जुई" करत होती. आत्या, ही पाल माझ्या घरात मेली तर माझ्या पोरीला त्या शाळेत कुणी जवळ करणार नाही. "हेंकला मारणारी" म्हणतील.

यूफनं कागद दिलाय. दर आठवड्याला वजन करा म्हणून. आजचं बासष्ट ग्रॅम. आता बासष्ट म्हणजे बरं की वाईट? तू गावातल्या सगळ्या पोरांची वजनं करतेस, तूच सांग. ह्यांना विचारलं तर ह्यांनी लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडलं, त्याला निळा रंग दिला आणि रॉटरडॅमच्या ट्रेनला निघून गेले.

सासूबाईंना पत्ता नाही. पेटी वर माळ्यावर आहे, वॉशिंग मशीनच्या मागं. लवकर लिही.

तुझी प्रांजली

*

करंजवाडी, ता. भोर, १७ जुलै

प्रांजले,

आशीर्वाद. तुझं पत्र टाकीजवळ उभं राहून वाचलं आणि तिथंच बसले. पाटलांची सून म्हणाली, "जयंतीताई, कोण गेलं?" मी म्हटलं कुणी गेलं नाही, आलंय.

अगं, लोक परदेशात जाऊन कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. पाल? जावईबापूंना एवढा पगार आहे म्हणतेस ना? असो. हात लागला तर डोक्यावरून आंघोळ करायची, आणि स्वयंपाकाला त्याच हातानं बसायचं नाही.

आता माझं ऐक. बावीस वर्षं अंगणवाडीत पोरं जोखतेय. नुसत्या वजनावरून काही कळत नाही. पर्यवेक्षिका बाई आल्या की त्याही हेच म्हणतात. बासष्ट मोठ्या पालीला बरं असेल, बारकीला जास्त असेल. त्याच्या जातीची मोठी पाल किती भरते ते जावईबापूंना शोधायला सांग, एक्सेल बंद करून. आणि मुख्य म्हणजे मागच्या वेळी किती होतं आणि आता किती, ते बघायचं. रेघ वर चाललीय, खाली चाललीय की आडवी पडलीय?

काटा दर वेळी तोच पाहिजे. वेळ तीच. खाण्याच्या आधी. काटा शून्यावर आहे का ते बघायचं. आणि पोरं काट्यावर ठेवली की मुततात, तर मुतण्याआधीचं वजन की नंतरचं ते लिहून ठेव, नाहीतर घोळ होतो.

दुसरं, आम्ही पोरांच्या दंडाला पट्टी लावतो. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे पोर वाळलंय. तुझ्या पालीचा दंड कसला घ्यायचा, काडी असेल. तिची चरबी कुठं साठते ते बघ. माझ्या अंदाजानं शेपटी. दोरा लावून मोज.

घाबरू नको. पाल आहे, वाघ नाही. ठिपके असले म्हणून काय झालं.

जयंती आत्या

*

नीउ-व्हेनेप, २२ जुलै

आत्या,

तू कुठं वाचलंस शेपटीचं? बरोबर आहे! ह्यांनी शोधलं, ह्या जातीच्या पाली शेपटीतच चरबी साठवतात. शेपटी मानेएवढी जाड असली की ठीक. आणि मोठी पाल साधारण पन्नास ते ऐंशी ग्रॅम भरते. म्हणजे बासष्ट झकास.

मग मी वजन केलं. काट्यावर बघते तर अठ्ठ्याण्णव!

मी जिन्यात बसून रडले. हे ऑफिसातून फोनवर म्हणाले, "डबा किती ग्रॅमचा आहे?" हेंक काट्यावर राहत नाही ना, म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवून जोखला होता. डबा वजा करायचा राहिला. डबा बत्तीस. म्हणजे हेंक सहासष्ट.

हा काटा स्वयंपाकघरातला आहे. सासूबाई त्याच्यावर बेसन मोजतात. मी तो दर वेळी डेटॉलनं पुसून ठेवते. काल त्या म्हणाल्या, "प्रांजली, हल्ली लाडवाला दवाखान्याचा वास का येतो गं?"

हात मी लावत नाही. जुई उचलते. दोरा पण तिनंच लावला. माझं काम लांबून "हळू गं, हळू गं" म्हणायचं. शेपटी मानेपेक्षा जाड निघाली. म्हणजे हिरव्याच्याही पलीकडं. मग आम्ही होफ्डडॉर्पच्या प्राण्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं माझ्या फोनवरचा फोटो बघितला आणि गाल फुगवून दाखवले. जाडा म्हणे. अळ्या कमी करा.

हो, तो अळ्या खातो. जिवंत. त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, गारठून झोपून राहतात. सासूबाईंच्या मोड आलेल्या मटकीच्या मागं ठेवल्यात. खाऊ घालायच्या आधी त्यांना एका पांढऱ्या पावडरीत घोळवायचं, चिरोट्यावर पिठीसाखर भुरभुरतो तसं. कॅल्शियम आहे म्हणे. दुसरी एक पिवळसर पावडर आहे व्हिटामिनची, ती आठवड्यातून एकदा.

आठवड्यात चार ग्रॅम कसं वाढलं? माझ्या घरात माणसं वाळली, आणि ही पाल फुगतेय.

फेना नावाची एक पोरगी रोज हेंकला बघायला येते. जुई तिला "आमचा हेंक" करून सगळं समजावते. आज दोघी जिन्यात बसून एकाच वाटीतलं चुरमुऱ्याचं भडंग खात होत्या. मी दारामागून बघितलं आणि पुन्हा रडले. मला हल्ली काय झालंय कळत नाही.

प्रांजली

*

करंजवाडी, २६ जुलै

प्रांजले,

रडत बसू नको, काम सांगते ते कर.

जाडा म्हणजे तब्येतीचा असं नाही. पूर्वी आमच्याकडं सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. सरपंचांच्या नातवाला पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर धरायला दोन माणसं लागली. पण ते पोर दीड वर्षाचं झालं तरी उठून उभं राहीना! आजी त्याला सकाळी एक टॉनिक, दुपारी एक टॉनिक, रात्री झोपेचं दूध. मी जाऊन सगळ्या बाटल्या कपाटात टाकल्या आणि किल्ली घरी घेऊन आले. महिन्यानं पोर चाललं. आजी अजून माझ्याशी बोलत नाही.

तर तुझ्या हेंकच्या अळ्या निम्म्या कर. उपाशी ठेवायचं नाही, निम्मं. आणि त्या पावडरी बंद कर. अंगानं एवढा भरलाय, त्याला टॉनिक कशाला? पेटीत जरा फिरव. खाऊ एका कोपऱ्यात ठेवायचा नाही, चालत जाऊन खाऊ दे.

शी करतो का रोज? कशी असते? लिहिताना लाजू नको.

काटा दुसरा आण गं बाई. सासू आहे ती, तिला बेसनातून पालीचं काही गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

आत्या

*

नीउ-व्हेनेप, ३ ऑगस्ट

आत्या,

सगळं उलटं झालंय. कुठून सुरू करू?

सासूबाईंना कळलं. परवा त्यांना शेवयांची खीर करायची हुक्की आली. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. कढईत तूप टाकलं, बदाम परतले आणि फ्रिजमध्ये डबा दिसला. आत भाजलेल्या शेवयांसारखं काहीतरी, त्याच रंगाचं, तेवढ्याच लांबीचं. त्यांनी डबा शेगडीशेजारी ठेवला. ऊब लागली आणि शेवया चालायला लागल्या.

अशी किंचाळी आली की शेजारचे आजोबा गवत कापायचं मशीन तसंच टाकून कुंपणावरून डोकावले. मी धावत आत गेले. सासूबाई ओट्यावर चढून बसल्या होत्या, आत्या. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, ती ओट्यावर!

"प्रांजली, ह्या शेवया कुणी पाठवल्या?"

मी म्हटलं, "आई, त्या शेवया नाहीत. त्या हेंकच्या आहेत."

"हा हेंक कोण?"

मग सांगावंच लागलं. मला वाटलं आता त्या सामान भरणार. पण त्या ओट्यावरून उतरल्या, साडी नीट केली आणि म्हणाल्या, "दाखव." जिना चढल्या! पेटीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिल्या. आणि हात जोडले. म्हणाल्या, "कांचीच्या देवळात आम्ही सोन्याच्या पालीला हात लावायला भर उन्हात रांगेत उभे होतो. तुझे सासरे तिथं चक्कर येऊन पडले होते. आणि तू घरात सोन्यासारखी पाल आणून वॉशिंग मशीनमागं लपवलीस?"

आता पेटी दिवाणखान्यात आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या हेंकसमोर खुर्ची टाकून बसतात आणि त्याला पुण्यातल्या नातेवाइकांच्या कागाळ्या सांगतात. तो डोळे मिटून ऐकतो.

आता दुसरं. तू म्हणालीस तसं अळ्या निम्म्या केल्या, पावडर बंद केली. तरी वजन एकाहत्तर! आणि परवापासून तो अजिबात खात नाही. अळी नाकासमोर धरली तरी तोंड फिरवतो. न खाता वजन उतरत नाही, ही कुठली तऱ्हा? सारखा पेटीच्या कोपऱ्यात उकरतो. आणि काल तो काचेला पुढचे पाय टेकून उभा होता तेव्हा जुईनं त्याचं पोट बघितलं. पोटात दोन पांढऱ्या गाठी दिसतात. लांबट, शेजारी शेजारी. पाय पण थोडे थरथरतात.

गाठी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आई आली. तिलाही आधी गाठच होती.

फेनाच्या वाढदिवसाचं बोलावणं आलंय, सोळा तारखेला. पहिलंच. जुईनं ते कार्ड उशीखाली ठेवलंय. त्याच्या आत हेंकला काही झालं तर ती तिथं कुठल्या तोंडानं जाईल? लगेच लिही. आज लिहिलंस तर बरं.

प्रांजली

*

करंजवाडी, ४ ऑगस्ट

प्रांजले,

रडू नको, तुझ्या आईचं आणि ह्याचं काही एक नाही. ती माझी वहिनी होती, मी तिच्या उशाशी बसलेली आहे, मला विचार.

पोट पुढं आलंय, खात नाही, हातपाय थरथरतात, सारखं खाजवतो. अगं, हे जंत आहेत! शंभर टक्के जंत. आयुष्यभर अळ्याच खाल्ल्या त्यानं, पोटात दुसरं काय असणार? आमच्याकडं वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, सगळी पोरं ओळीत उभी करून. पण तू तुझ्या मनानं गोळी देऊ नकोस. आपल्या पोरांची गोळी त्याला हत्तीची होईल. डॉक्टरला दाखव. आजच्या आज फोन करून नंबर लाव.

तुझ्या सासूबाई भल्या निघाल्या. मी त्यांना बेसनावरून उगीच भीत होते. त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, नातेवाइकांच्या कागाळ्या आजारी माणसाला सांगू नयेत.

आत्या

*

नीउ-व्हेनेप, ८ ऑगस्ट

आत्या,

जंत नाहीत. बस खाली. टाकीजवळचा तो दगड आहे ना, त्यावर बस.

लायडस्खेनडामला एक डॉक्टरीणबाई आहेत, फक्त साप, पाली, कासवं बघतात. ह्यांनी सुट्टी काढली. थंड पाणी न्यायच्या पिशवीत गरम पाण्याची बाटली, वर टॉवेल, वर श्रीखंडाच्या डब्यात हेंक. झाकणाला भोकं पाडली होती. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. ट्रेनमध्ये हे म्हणत होते, "आई, कुणाला काही सांगू नकोस." कुणाला सांगणार, डच येत नाही. तरी समोरच्या बाईला त्यांनी डब्याचं झाकण उघडून दाखवलंच. ती बाई जागा सोडून गेली.

आत्या, इथं माणूस तापानं फणफणला तरी डॉक्टर पॅरासिटामॉल घ्या म्हणून घरी पाठवतो. जुईला तीनदा पाठवलंय. हेंकचा मात्र गेल्या गेल्या एक्स-रे काढला!

डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटं केलं, खालून बघितलं आणि हसायला लागल्या. ह्यांना म्हणाल्या, हेंक म्हणजे बाई आहे. पुरुषाला तिथं बारीक ठिपक्यांची ओळ असते, हिला नाही. त्या गाठी म्हणजे अंडी आहेत. दोन.

मी म्हटलं, नवरा नाही काही नाही, अंडी कशी? तर म्हणाल्या, कोंबडी नाही का घालत. पिल्लं होणार नाहीत, पण अंडी घालावी लागतात.

इथपर्यंत आम्ही सगळे हसत होतो. मग त्यांनी विचारलं, "कॅल्शियम रोज देताय ना?"

मी ह्यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं. मी म्हटलं, दोन आठवडे बंद आहे. बाई हसायच्या थांबल्या.

अंड्याचं टरफल कॅल्शियमचं असतं, आत्या. खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडातून काढते. म्हणून पाय थरथरतात. अंडी बाहेर ढकलायला पण जोर लागतो, तो जोर राहिला नाही तर अडतात. अडली तर ऑपरेशन, आणि एवढासा जीव ऑपरेशनमधून वाचेलच असं नाही म्हणाल्या. आता पातळ कॅल्शियम दिलंय. रोज नाकावर एक थेंब सोडायचा, ती चाटते. आणि पेटीत ओल्या मातीचा डबा ठेवायचा, झाकणाला भोक पाडून, आत जाऊन घालायला. आठवड्याभरात झालं नाही तर परत या म्हणाल्या.

आत्या, पावडर बंद कर कुणी म्हटलं? तू म्हटलंस! टॉनिक कशाला म्हणालीस. मी तुझं ऐकलं. मला काय कळतंय, मी दहावी नापास. पण तुला कळतं म्हणून तर विचारलं ना!

जुईला सांगितलंय, हेंक जरा दमलाय. तिनं विचारलं, मरणार का? मी म्हटलं नाही. म्हटलं खरं.

प्रांजली

*

करंजवाडी, १० ऑगस्ट

प्रांजली,

तुझं पत्र वाचलं तेव्हा माझ्या पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं होती. गरोदर बायांना वाटून येत होते. ह्याच तोंडानं सगळ्यांना दटावून आले होते, "गोळी खिडकीतून फेकलीस तर बघ, पोर तुझ्या हाडातून ओढून घेईल." आणि इथं एका बाळंतिणीची गोळी मीच बंद केली. अंगानं भरलेली बाई दिसली की आधी तारीख विचारावी, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मी तिला सरपंचाचा नातू समजले.

मला बोल, तुला हक्क आहे. शिव्या हव्या तर पुढच्या पत्रात जास्त घाल.

आता ऐक. हे मी पक्कं सांगते, ह्यात चूक नाही. तिच्याभोवतीची गर्दी हलव. पेटीवर फडकं टाक. फेना, सासूबाई, जावईबापू सगळ्यांना लांब ठेव. बाळंत होणाऱ्या बाईला अंधार, ऊब आणि कुणी न बघणं एवढंच लागतं. वरच्यावर झाकण उघडून "झालं का, झालं का" करू नको. जुईच्या वेळी तुझी आई असंच करत होती, सुईणीनं तिला दाराबाहेर काढली होती.

थेंब चुकवू नको. जुई नसेल तेव्हा तू दे. हात लावावा लागला तरी.

आणि पत्र लगेच टाक. मी रोज टाकीवर जातेय. पाटलांची सून विचारते, आता कोण येणार आहे?

आत्या

*

नीउ-व्हेनेप, १७ ऑगस्ट

आत्या,

घातली! दोन्ही!

सोळाच्या सकाळी. जुईला वाढदिवसाला पोचवून आले, थेंब द्यायचा राहिला होता. हे सासूबाईंना घेऊन दुकानात गेलेले. घरात मी आणि ती. फडकं उचललं तर पेटीत हेंक नाही. मातीच्या डब्यातूनही हालचाल नाही. मी "हेंक, ए हेंक" करून हाका मारल्या. मग म्हटलं मेली असेल, बघावंच लागणार. झाकण काढलं. ती मातीत अर्धी गाडलेली, डोळे बंद, आणि मी हात घातला, आत्या. मी. उघडा हात.

गार नव्हती. मऊ होती, आपल्या मनगटाच्या आतली कातडी असते ना तशी. तळहातावर बसली आणि माझ्याकडं बघितलं. पोट एवढंसं झालेलं, दोन्ही बाजूंनी कातडी लोंबत होती. जुई झाली तेव्हा माझं पोट तसंच झालं होतं. मी तिला म्हटलं, "झालं गं बाई, झालं. सुटलीस." आणि नाकावर थेंब सोडला. तिनं चाटला. आणखी मागितला.

मातीत दोन अंडी, भुईमुगाच्या शेंगेएवढी लांबट, मऊ. सासूबाई आल्या, बघितलं आणि विचारतात, बाळंतिणीला डिंकाचा लाडू चालेल का! मी म्हटलं आई, एक अळी द्या, तेवढं पुरे. मग त्यांनी स्वतः चिमट्यानं धरून दिली. आयुष्यात अंड्याचा केक न खाल्लेली बाई. वर म्हणतात, "पांढरी पावडर जरा जास्त घाल गं."

वजन अठ्ठावन्न. शेपटी मानेपेक्षा थोडी बारीक. पिवळ्या पट्टीत आहे. पण खातेय.

जुई वाढदिवसाहून आली ती कागदाचा मुकुट घालून. तिला सगळं सांगितलं, खरं खरं. तिनं अंड्यांना पण थेंब द्यायचा का विचारलं.

पण आता पंचवीस तारखेला शाळा. यूफनं बासष्टचा पुरुष दिला होता, मी अठ्ठावन्नची बाई परत देणार. पावडर बंद केली ते सांगू का लपवू? पोरं जुईला काय म्हणतील?

प्रांजली

*

करंजवाडी, २० ऑगस्ट

प्रांजले,

मी टाकीवर मोठ्यानं "सुटली!" म्हणून ओरडले. पाटलांच्या सुनेनं पेढे मागितले. कुणाचे म्हणून सांगू?

सगळं सांग. पावडरीचं पण. आत्यानं चुकीचं सांगितलं म्हणून सांग, माझं नाव घाल, तिकडं मला कोण ओळखतंय. लपवलंस तर पुढच्या सुट्टीत दुसऱ्या घरी तीच चूक होईल. वजन घसरलंय ते बाळंतपणाचं आहे. खातेय ना? मग रेघ वर जाईल.

आणि तू हात घातलास. मला तेच पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतंय.

आत्या

*

नीउ-व्हेनेप, २७ ऑगस्ट

आत्या,

सोमवारी आम्ही चौघं गेलो. पेटी हे धरून, मागं सासूबाई नवी साडी नेसून, जशी काही पाठवणीच. यूफनं मला पोरांसमोर उभं केलं. मी एकच वाक्य पाठ करून गेले होते, "हेंक इज अन फ्राऊ." हेंक बाई आहे. वर्गात असा आरडाओरडा झाला! एक पोरगा टेबलाखाली जाऊन बसला, बाहेरच येईना. बाकीचं मी मराठीत बोलले आणि जुईनं डचमध्ये सांगितलं. पावडरीचं पण सगळं सांगितलं. यूफ म्हणाल्या, त्या तीन वर्षं तिला पुरुष समजत होत्या, तर मी पावडरीचं काय घेऊन बसलेय. आता पेटीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावलीय, पांढरी पावडर कधी बंद करायची नाही. नाव बदलायचं का म्हणून मतं घेतली. हेंकच राहिलं.

मग पेटी तिथं ठेवून घरी आलो. दिवाणखान्यात नुसतं टेबल. सासूबाई त्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसल्या, मग उठून गेल्या. आणि मला दुसरीच भीती. आत्या, पोरं आमच्या घरी यायची ती हेंकसाठी. आता काय आहे आमच्याकडं? मंगळवारी कुणी आलं नाही. जुई खिडकीत बसून होती.

आज बुधवार, शाळा दुपारी लवकर सुटते. आत्ता दारावर बेल वाजली. उघडलं तर फेना. सायकल रस्त्यातच आडवी टाकलेली.

मला वाटलं ह्या पोरीला कुणी सांगितलं नाही की काय. मी माझ्या मोडक्या डचमध्ये म्हटलं, "हेंक इथं नाही. हेंक शाळेत आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली, मला काहीच कळत नाही असं.

"माहितीये मला," म्हणाली. "जुई आहे का?"

प्रांजली